फुटाला एक सूत

बाबालाल मिस्त्रीचं माप चुकलं, असं उचगावात कुणी म्हणालं असतं, तर ऐकणाऱ्यानं आधी त्याचं तोंड हुंगून बघितलं असतं. हंबीररावांच्या फौंड्रीत हा माणूस एकतीस वर्षं पॅटर्न करत होता. फौंड्री शहरात होती तेव्हाही, आणि ती शिरोली एमआयडीसीत गेली तेव्हाही. पॅटर्न म्हणजे जी वस्तू लोखंडात ओतायची तिचा लाकडी नमुना. तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि राहिलेल्या पोकळीत रस ओतायचा. नमुना चुकला की शंभर नग चुकले. बाबालालचा एकही चुकला नव्हता, आणि ही गोष्ट तो दिवसातनं एकदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवायचाच. खोटं कशाला बोला, गडी थोडा गर्विष्ठच होता.

त्याच्या सदऱ्याच्या खिशात एक पितळी पट्टी असायची. दोन फुटी, मधोमध घडी पडणारी. ती साधी पट्टी नव्हे बरं का. लोखंडाचा रस थंड होताना आकसतो, फुटाला एक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी कोण बेरजा करत बसणार? त्यासाठी पट्टीच वेगळी मिळते. तिच्यावरचा एक फूट खऱ्या फुटापेक्षा एका सुतानं मोठा. दिसायला तशीच, आकडे तसेच, फक्त कडेला बारीक इंग्रजी अक्षरं कोरलेली. बाबालालनं ती नोकरीच्या पहिल्या वर्षी घेतली होती आणि तिची अक्षरं त्याच्याच अंगठ्यानं निम्मी पुसली होती.

फौंड्रीत एक नियम होता, कुठंही न लिहिलेला. मिस्त्रीच्या मापावर दुसऱ्यानं टेप लावायचा नाही. एकदा केरबा फिटरनं लावला होता. केरबा म्हणजे बाबालालचा जुना दोस्त, जेवणाच्या सुट्टीत एकाच डब्यातनं खाणारा. तरी बाबालाल तीन दिवस त्याच्याशी बोलला नाही, आणि चौथ्या दिवशी बोलला ते ‘सरक’ एवढंच. मालकसुद्धा त्याचं माप कधी तपासत नसत.

आता हे सगळं आधीच सांगून टाकलं, कारण पुढं जे झालं ते ह्या पट्टीमुळं आणि ह्या नियमामुळं झालं. एकोणऐंशी सालची गोष्ट.

बाबालालची लेक सलमा त्या वर्षी मेकॅनिकलचा डिप्लोमा पास झाली. वर्गात एकटीच मुलगी. तिला नोकरी हवी होती ती ड्रॉइंग ऑफिसातच, आणि हवी होती म्हणजे अशी हवी होती की पोरीचं जेवणात लक्ष नव्हतं. शेवटी एक दिवस तीच उठून हंबीररावांपुढं जाऊन उभी राहिली. बाबालाल बाहेर दाराआड उभा होता, आत जायची त्याची छाती झाली नाही.

“ड्रॉइंग ऑफिसात बाई बसलेली मी अजून बघितली न्हाय,” हंबीरराव म्हणाले. “पर बघायला माझी ना न्हाय. हे बघ.”

त्यांनी टेबलावर एक इंग्रजी मासिक टाकलं. त्यात उभ्या दांड्याच्या पवनचक्कीचं चित्र होतं. मालकांचं पन्हाळ्याच्या माळावर शेतघर होतं. तिथं विजेचा खांब पोचला नव्हता, वारा मात्र असा की डोक्यावरची टोपी हातात धरून चालावं लागे. त्या वाऱ्यावर बॅटरी भरून घरात दिवा लावायचा त्यांनी ध्यास घेतला होता.

“ही भिंगरी माझ्या माळावर फिरवून दाव. फिरली तर एक तारखेपासनं टेबल तुझं. न्हाय फिरली तर तू तुझ्या घरी, मी माझ्या.”

“फिरंल,” सलमा म्हणाली.

घरी येऊन पोरगी कामाला लागली. ओसरीवर पुस्तकं, अंगणात कागद, चुलीपाशी पेन्सिली. तिची आई ताजबी वैतागली. “भाकरीच्या पिठात खोडरबर सापडलं मला,” असं ती अख्ख्या गल्लीला सांगत सुटली. सांगताना मात्र तिचा चेहरा फुललेला असायचा.

आधी बाबालालनं लहान नमुना करून दिला. सायकलच्या चाकाचं हब, त्यावर दांडी, दांडीला तीन सपाट फळ्या. शेजारणीचा टेबलपंखा आणून समोर लावला, तर भिंगरी जरा मान हलवायची आणि गप्प बसायची.

“सपाट न्हाय चालायचं, अब्बा,” सलमा म्हणाली. “पातं माशावानी पायजे. तोंडाकडं गोल, शेपटाकडं निमुळतं. दोन्ही अंगांनी सारखं.”

“आन् मासा केला म्हंजे काय हुईल? वारा ढकलणार तो ढकलणारच की.”

“ढकलत न्हाय, वढतो.” तिनं आईची पळी घेतली, दांडा दोन बोटांत सैल धरला आणि घागरीतनं पडणाऱ्या धारेला पळीची फुगीर पाठ नुसती टेकवली. पळी बाहेर ढकलली जाईल असं बाबालालला वाटलं होतं. ती उलट धारेकडं ओढली गेली. त्यानं स्वतः करून बघितलं. चारदा केलं. घागर रिकामी झाली तेव्हा ताजबीनं पळी हिसकावून घेतली.

मग मासे झाले. पातं किती रुंद, कुठं सगळ्यात जाड, जाडी किती, ह्याचे आकडे सलमानं पुस्तकातनं काढले आणि तिन्हींची मापं एका कागदावर मांडली. खऱ्या पात्याला नऊ इंच रुंदी, जाडी दीड इंचाच्या जरा आत, आणि ती सगळ्यात जास्त तोंडापासून पावणेतीन इंचांवर. नमुन्यावर त्याच प्रमाणात लहान मासे बसवले, पंखा लावला. भिंगरी हलेना. सलमानं बोटानं एक टिचकी दिली आणि मग ती अशी सुटली की पाती दिसेनाशी झाली.

“चालती झाली की थांबत न्हाय,” सलमा म्हणाली, “पर आपली आपण सुरू हुईत न्हाय.”

“तुझ्या बाचं बी तसंच हाय,” ताजबी म्हणाली. “सकाळी ढकलल्याबगर उठतोय व्हय?”

त्यावर तोड सलमानंच काढली. तेलाचा ड्रम उभा चिरायचा, त्याची दोन अर्धुकं दांड्याला मधोमध उलटसुलट लावायची. वारा आधी त्यांच्यात भरेल, भिंगरीला ढकलेल, आणि मग पाती तिला पळवतील. त्या संध्याकाळी बाबालाल केरबाच्या घरी जाऊन ‘आमची सलमा’ ह्या दोन शब्दांनी सुरू होणारी निदान वीस वाक्यं बोलून आला.

सांगाडा केरबानं कारखान्यात करायचा आणि माळावर नेऊन उभा करायचा, पाती बाबालालनं घरी तासायची, असं ठरलं. पात्याची लांबी सात फूट. लाकूड शिवणीचं, हलकं आणि न वाकणारं. परड्यातल्या छपराखाली बाबालालचा रंधा चालू झाला. पहिलं पातं तयार झाल्यावर सलमानं पत्र्याचा साचा लावून बघितला आणि हसायला लागली.

“अब्बा, ह्येला ढाळ का दिलाय?”

बाबालालनं बघितलं. खरंच की. पॅटर्न वाळूतनं सुटून यावा म्हणून त्याच्या बाजूंना किंचित उतार ठेवतात. एकतीस वर्षांच्या सवयीनं हातानं तो आपसूक दिला होता.

“पातं वाळूतनं काढायचं न्हाय, वाऱ्यात फिरवायचं हाय.”

“हाताला कोण सांगणार?” असं म्हणून त्यानं ते पातं बाजूला टाकलं आणि नवं घेतलं. पोरीनं चूक काढली ह्याचा त्याला राग आला नाही, हे त्याचं त्यालाच नवल वाटलं. अर्थात ती चूक घरातल्या घरात होती, बाहेर कुणाला कळणार नव्हती. तीन पाती झाली. गुळाच्या अडत्याकडच्या काट्यावर नेऊन तोलली. तिन्हींचं वजन एक. अडत्या म्हणाला, “मिस्त्री, एवढं नीट तर आमी गूळ बी तोलत न्हाय.”

रविवारी सकाळी मालकांची जीप पन्हाळ्याला निघाली. पाती ताजबीच्या तीन वाकळांत गुंडाळलेली, आणि वाकळांना डाग पडू नये म्हणून ताजबी स्वतः मागं पात्यांना टेकून बसलेली. भाकरी, खर्डा, वांग्याची भाजी असा मोठा डबा तिच्या मांडीवर. सलमा पुढं ड्रॉइंगची गुंडाळी घट्ट धरून बसली होती.

माळावर वारा भणाणत होता. केरबानं सांगाडा छान उभा केला होता. खाली ट्रकचं जुनं हब, त्यात उभा दांडा, दांड्याला बेल्टनं जोडलेला जुना डायनमो, मधोमध ड्रमची अर्धुकं, आणि दांड्याला खाली तीन आणि वर तीन लोखंडी हात. प्रत्येक हाताच्या टोकाला बाजूनं उघडा असा लोखंडी कप्पा. पातं खालच्या आणि वरच्या कप्प्यांत सरकवायचं, वरखाली एकेक बोल्ट मारायचा, झालं काम. ड्रमची अर्धुकं वाऱ्यानं आताच कुरकुरत फिरायला बघत होती, म्हणून केरबानं दांडा दोरीनं बांधून ठेवला होता.

पहिलं पातं उचललं. खालच्या कप्प्यात बसलं. वर बसेना. केरबानं दाबलं, मग खांदा लावला. पातं वरच्या कप्प्याच्या तोंडाशी अडून उभं.

“मिस्त्री, पातं लांब झालंय,” केरबा हळूच म्हणाला.

“माझं?” बाबालाल म्हणाला. ह्या एका शब्दानं केरबा दोन पावलं मागं सरला.

बाबालालनं पातं वाकळेवर आडवं ठेवलं, खिशातनं पट्टी काढली आणि सगळ्यांदेखत मोजलं. दोन, चार, सहा, आणि वर एक. “सात फूट. सुताचा फरक न्हाय. तुझा सांगाडा बघ.”

केरबानं स्टुलावर चढून आपला टेप लावला. कप्प्यापासून कप्प्यापर्यंत बरोबर सात फूट. त्यानं हंबीररावांनाही बघायला लावलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं. सात फूट.

केरबाचा टेप पात्यावर लावून बघावा, हे सरळ होतं की नाही? पण त्या माळावर कुणाच्या मनात ते आलं नाही. आलं असलं तरी तोंडात आलं नाही. एकतीस वर्षांचा नियम होता.

“पातं बी सात, सांगाडा बी सात,” हंबीरराव म्हणाले, “आन् एकात एक बसत न्हाय. मिस्त्री चुकत न्हाय, केरबाचं मी सोता बघितलं. मग ऱ्हायलं काय? कागूद.”

सगळ्यांच्या नजरा सलमाकडं वळल्या. ती पुढं आली. वडिलांच्या हातातनं तिनं पट्टी घेतली, उलटीसुलटी केली. तिचा अंगठा पट्टीच्या कडेवरनं एकदा फिरला आणि थांबला. मग तिनं पट्टीची घडी घातली आणि ती वडिलांच्या हातात परत दिली.

“माझंच चुकलं,” ती म्हणाली. “बसवायला जागा सोडायची ऱ्हायली. ड्रॉइंग चुकलं.”

वाईट हंबीररावांनाही वाटलं असावं. “शिकशील,” ते म्हणाले. “मिस्त्री, तू तासून बसव ती पाती, तुला काय अवघड न्हाय. टेबलाचं मग बघू कवातरी फुडल्या साली.” आणि ते जेवायला झाडाखाली गेले.

बाबालालला आधी काय वाटलं ते सांगतो, लाज वाटण्यासारखं आहे पण सांगतो. त्याला बरं वाटलं. आपल्या मापावर ठपका आला नाही, म्हणून. ते बरं वाटणं करवत हातात घेईपर्यंत टिकलं. मग त्याच्या मनात आलं, ही पोरगी आकड्याशी आकडा ताडून बघणारी. पावणेतीन इंचांवरची जाडी जिनं तीनदा तपासली ती कप्प्यातली जागा विसरेल? आणि तिनं पट्टी कशाला बघितली?

त्यानं पट्टी काढली. जिथं सलमाचा अंगठा थांबला होता तिथं स्वतःचा ठेवला. निम्मी पुसलेली अक्षरं बोटाला लागली.

बाबालाल पात्याशेजारी बसला.

फुटाला एक सूत. सात फुटांना सात सुतं. ढाळासारखीच ही पट्टीही हातानं आपसूक उचलली होती, आणि घरात ढाळ सापडला तेव्हा पट्टीकडं कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. पोरीला कळलं. कळूनही तिनं बापाची चूक आपल्या पदरात घेतली, ज्या टेबलासाठी ती सहा महिने नीट जेवली नव्हती त्या टेबलावर पाणी सोडून. आणि आता नुसतं गप्प बसलं की झालं. सात सुतं कापायची, पाती बसवायची, भिंगरी फिरणार, मिस्त्रीची वाहवा होणार. झाडाखाली ताजबी भाकऱ्या वाढत होती. सलमा तिच्याशेजारी बसून गवताची काडी मोडत होती. बाबालालनं करवत बाजूला सारली. मग त्यानं हाक मारली.

“केरबा, तुझा टेप आण.”

केरबाचा घास हातातच राहिला. “कशाला?”

“आण म्हंतो न्हवं.”

केरबा टेप घेऊन आला. मागोमाग हंबीररावही उठून आले. बाबालालनं टेपचं एक टोक पात्यावर धरलं आणि दुसरं केरबाच्या हातात दिलं. “वाच. मोट्यानं.”

“सात फूट,” केरबा म्हणाला आणि थांबला. त्यानं बाबालालच्या तोंडाकडं बघितलं.

“फुडं वाच.”

“सात सुतं.”

“मालक, ड्रॉइंग बरोबर हाय,” बाबालाल म्हणाला. “मी पॅटर्नच्या पट्टीनं मापलं. लाकूड काय आकसणार हाय व्हय? चूक माझी. पोरीला ठाव हुतं, माझी लाज राखायला खोटं बोलली ती.”

सलमा उठून उभी राहिली होती. हंबीररावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“एकतीस वर्सं मी तुझं माप तपासलं न्हाय,” ते म्हणाले.

“तपासाय पायजे हुतं.”

“आन् तू,” ते सलमाकडं वळले. “खरं ड्रॉइंग चुकीचं हाय म्हणून सांगितलंस. माझ्या ड्रॉइंग ऑफिसात आसलं चालत न्हाय. बरोबर हाय ते बरोबरच म्हणायचं, समोर बाप आसू दे न्हायतर मालक आसू दे. ध्यानात ठेव, एक तारखेपासनं लागंल.”

सलमाला ते कळायला दोन क्षण लागले. कळल्यावर ती म्हणाली, “आधी फिरू दे की, मालक. ठरलंय तसं.” डोळे पुसत म्हणाली, पण म्हणाली. मालकांना हसू आवरेना.

बाबालालनं करवत चालवली. तिन्ही पात्यांची सात-सात सुतं कापली, प्रत्येक खुणेवर आधी केरबाचा टेप लावून. गिरमिटानं नवी भोकं पाडली. एकेक पातं कप्प्यात सरकलं आणि बसलं. बोल्ट आवळले. दोरी सोडायला सगळ्यांनी सलमाला पुढं केलं.

दोरी सुटली. ड्रमची अर्धुकं कुरकुरली, भिंगरी हळूच वळली. एक फेरा, दुसरा फेरा. पाचव्या-सहाव्या फेऱ्याला पात्यांनी वारा धरला आणि कुरकुर थांबली. तिच्या जागी एक बारीक गुणगुण सुरू झाली, ती चढत गेली, आणि तिन्ही पाती एकमेकांत मिसळून गेली. शेतघराच्या खोलीत डायनमोच्या तारेला टांगलेला जीपचा बारका दिवा आधी लाल झाला, मग पिवळा. भर दुपारी त्या दिव्याकडं सगळे असे बघत उभे राहिले, जणू कुणी वीज बघितलीच नव्हती. केरबानं बाबालालच्या पाठीत असा गुद्दा घातला की तो खोकायला लागला.

“अब्बा,” सलमा जवळ येऊन हळू म्हणाली, “कशाला सांगितलंसा? माझं फुडल्या साली झालं आसतं.”

“माझं झालं नसतं,” बाबालाल म्हणाला.

निघताना ताजबीनं कापलेले तिन्ही तुकडे उचलून डब्याच्या पिशवीत टाकले. चांगलं शिवणीचं लाकूड, फेकायचं कशाला, असं तिचं म्हणणं. पाऊण इंचापेक्षा सूतभर जाड, माशाच्या आकाराचे. घरी तिनं ते गरम भांडी टेकवायला घेतले.

एक तारखेला सलमा शिरोलीला गेली. फौंड्रीतला जुना नियम मोडला, म्हणजे बाबालालनंच मोडला. नवा पॅटर्न झाला की तो आता केरबाला हाक मारून मापायला लावतो आणि वर त्याच्या मापावर कुरकुरतोही. घरी कुणी पाव्हणं आलं की ताजबी चहाची किटली आणून त्या लाकडावर ठेवते. पाव्हणं विचारतातच, मिस्त्री, ह्यो लाकडी मासा कसला?

“ती माझी चूक हाय,” बाबालाल छाती काढून सांगतो. “सात सुतांची. तुमचा कप बी ठेवा की तिच्यावर.”